कुलूप लावलेली एकशे बारा घरं

माझी ताई संख्याशास्त्रज्ञ आहे असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर स्वतःची जन्मतारीख सांगून पुढचं वर्ष कसं जाईल ते विचारतो, नाहीतर उद्याचा सामना कोण जिंकणार ते. एका लग्नात एका बाईंनी तिला खांबाआड नेऊन, सुनेला मुलगा होईल की मुलगी, असं हळूच विचारलं होतं. ताई म्हणाली, साधारण निम्मी-निम्मी शक्यता. बाईंचा चेहरा पडला. पंगतीत त्या माझ्या बायकोला म्हणाल्या की एवढं तर आम्हालाही माहीत आहे, त्याला कॉलेजात कशाला जायला हवं.

मी ताईचा धाकटा भाऊ, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. हे लिहायला बसलो त्याचं कारण तिचा निरोपसमारंभ. त्यातली भाषणं ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, सदा हसतमुख असं एकेकजण बोलत होता. ताई हसतमुख कधीच नव्हती. आणि तिने शेवटच्या पाच महिन्यांत जे केलं त्याबद्दल एका शब्दानेही कुणी बोललं नाही, कारण ते बोलायला अडचणीचं होतं. मला तशी अडचण नाही. उलट त्यात माझाही हात आहे, म्हणजे खरं तर पाय आहेत. ते पुढे येईलच.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाबा बसडेपोत टाइमकीपर, आई घरी शिवणकाम करायची. मी सहा वर्षांचा असताना आई रोज सकाळी म्हणायची, हा कार्टा नेहमी उशिरा उठतो. ताईला तो ‘नेहमी’ सहन झाला नाही. तिने कॅलेंडरच्या मागे महिनाभर खुणा केल्या आणि महिनाअखेरीस आईसमोर ठेवल्या. तीसपैकी अकरा दिवस मी उशिरा उठलो होतो. ताई म्हणाली, अकराला नेहमी म्हणत नाहीत, कधीकधी म्हणतात. आईने शिलाई मशीन थांबवून दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि म्हणाली, हे मात्र तुम्हाला यापुढे नेहमी मिळेल. तेव्हापासून माझा संख्याशास्त्रावर विश्वास बसला. माझी बाजू घेणारं दुसरं काहीच त्या घरात नव्हतं.

शितावरून भाताची परीक्षा, असं आई स्वयंपाक करताना म्हणायची. ताई तिथेही आडवी जायची. म्हणायची, तू शीत दरवेळी वरूनच काढतेस, खालचा भात करपला तरी तुला कळणार नाही. त्यावर आई म्हणायची की देवाने नाक कशाला दिलंय. पण ताईचा मुद्दा खरा होता, आणि पुढे तिचा सगळा धंदा त्याच मुद्द्यावर चालला. सगळा भात चिवडता येत नाही, मग शीत कुठून काढायचं, एवढंच तर ते शास्त्र आहे. निदान माझ्या डोक्यात तेवढंच शिरलं.

पदवी घेऊन ती पहिल्यांदा साबणाच्या कारखान्यात लागली. काम असं, की दर तासाला चालू पट्ट्यावरून पाच वड्या उचलायच्या, वजन करायचं आणि तक्त्यावर ठिपका मांडायचा. तिथला फोरमन बारा गावचं पाणी प्यायलेला. तो दर तासाला पाच वड्या एका ताटलीत तयारच ठेवायचा. वर, बाई, तुमचा हेलपाटा वाचवला, असं म्हणायचा. पंधरा दिवस ताईचे ठिपके एका रेषेत आले. ती खूष, फोरमन त्याहून खूष. मग दुकानांमधून हलक्या साबणाच्या तक्रारी यायला लागल्या आणि साहेबाने ताईला उभं केलं. त्या दिवसानंतर तिने ताटलीकडे बघितलंसुद्धा नाही. बंद झालेलं खोकं उघडायला लावून ती तळातून वड्या काढायची, आणि कधी येईल याचा नेम नसायचा. फोरमनने तिचं नाव मांजर ठेवलं. ते नाव ती नोकरी सोडून गेली तरी तिथे टिकलं.

नमुना स्वतःहून चालत आला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं ती तेव्हापासून म्हणायला लागली. मला हे तिने शंभरदा ऐकवलं असेल. ती म्हणेल, शंभर नाही, फार तर चौदा.

चार वर्षांनी ती शहराच्या आरोग्य खात्यात आली आणि पुढची तीस वर्षं तिथेच राहिली. तिसऱ्या मजल्यावर, बंद पडलेल्या लिफ्टच्या शेजारी, सांख्यिकी विभाग म्हणून एक लांबट खोली होती. चार टेबलं, सहा लोखंडी कपाटं, आणि दांडा फिरवला की खडखडणारी दोन आकडेमोडीची यंत्रं. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप दिसायचे. पहिल्या दिवशी मी तिचा डबा द्यायला गेलो होतो. मला वाटलं, इथे माणूस सहा महिन्यांत वेडा होईल. ताई मात्र खुर्चीत बसून अशी इकडेतिकडे बघत होती जशी बाई नव्या स्वयंपाकघराकडे बघते. शहरात कोण कशाने आजारी पडतं, कोण जन्मतं, कोण जातं, ते सगळं कागदाच्या रूपाने त्या खोलीत येत होतं. तिला स्थळंही त्याच काळात येत होती. एका मुलाच्या काकांनी मुलगा एकदम निर्व्यसनी आहे असं सांगितल्यावर, हे तुम्ही कशावरून म्हणता आणि त्याला किती दिवस पाहिलंत, असं तिने विचारलं. नंतर स्थळं यायची थांबली. तिला त्याचं दुःख झालेलं मला तरी दिसलं नाही.

ती बत्तीस वर्षांची असताना खात्यात एक प्रश्न आला. कापड रंगवायच्या कारखान्यामागे मोठी वस्ती होती, चार हजार घरांची. तिथला दवाखाना सकाळी नऊला उघडायचा, पाचला बंद व्हायचा. संध्याकाळी सहा ते नऊ असा आणखी एक दवाखाना सुरू करावा अशी सूचना आली होती. मोठ्या साहेबांनी ठरवलं की चार घरांत एका घराला गरज असेल तर करू, नाहीतर नाही. किती घरांना गरज आहे ते ताईने शोधायचं. तिच्या हाती एकटीच्या जबाबदारीवर आलेलं हे पहिलं मोठं काम होतं.

चार हजार घरं विचारणं शक्य नव्हतं. तिने यादीतलं दर दहावं घर घेतलं, चारशे घरं झाली. आठ माणसं रोजावर ठेवली, प्रत्येकी पन्नास घरं, मुदत दहा दिवस. त्या आठांत आठवा मी. माझं सायकलदुरुस्तीचं दुकान तेव्हा नुकतंच बुडालं होतं आणि मी सव्वीस वर्षांचा धडधाकट माणूस घरात आढ्याकडे बघत पडून असायचो. तिने मलाही इतरांसारखी परीक्षा द्यायला लावली. मी नववा आलो. एकजण आजारी पडला म्हणून माझी वर्णी लागली, आणि ही गोष्ट ती आजही पाहुण्यांना सांगते.

नियम असा होता की घराला कुलूप असेल तर परत जायचं, वेगवेगळ्या वेळी, तीनदा. त्यातलं एकदा तरी संध्याकाळी. तीनदाही बंद मिळालं तरच फॉर्मवर ‘बंद’ लिहायचं आणि पुढे जायचं. कागदावर वाचायला हे सोपं आहे. ती वस्ती चढावर होती. मी चौथ्या दिवसापर्यंत एकेका कुलपाला दोन-दोनदा भेटून आलो होतो, संध्याकाळची फेरी शेवटच्या दिवसांवर ढकलली होती. नवे बूट घेतले होते, त्यांनी टाचा सोलून काढल्या. सहाव्या दिवशी मी घरी आलो आणि बूट काढले तर मोज्यांना रक्त चिकटलेलं. आईने गरम पाण्याचं घमेलं आणून माझे पाय त्यात ठेवले आणि ताईवर तोंड सोडलं. तो काय दारोदार भीक मागत फिरतोय का, एकदा कुलूप दिसलं की कळलं ना घरात कुणी नाही, आता त्या कुलपाला काय बोलतं करायचंय का, वगैरे. मीही भर घातली. म्हटलं, एक बंद घर सोडून शेजारच्या घरात विचारलं तर काय आभाळ कोसळणार आहे? तीच वस्ती, तीच माणसं.

 ताईने मलम आणलं, जमिनीवर बसली आणि माझ्या दोन्ही टाचांना स्वतःच्या हाताने लावलं. लहानपणीसुद्धा तिने कधी माझे असे लाड केले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा आठहीजणांच्या सूचनापत्रकावर शाईने एक सातवी ओळ वाढवलेली होती. घर बंद असल्यास उजव्या हाताचं शेजारचं घर घ्यावं. खाली तिची सही.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्या दिवशी मी दुपारी तीनलाच मोकळा झालो.

दहाव्या दिवशी चारशे फॉर्म भरून पोचले, एकही रिकामा नाही. चारशेपैकी एकतीस घरं म्हणाली, संध्याकाळचा दवाखाना हवा. बारा घरांतही एक धड नाही. ताईने अहवाल लिहिला, तक्ते काढले, साहेबांनी खात्यात सगळ्यांना दाखवला. असं नीटनेटकं काम आजवर पाहिलं नाही, असं म्हणाले. दवाखाना झाला नाही. ताईला बढती मिळाली. तो अहवाल पुढे नव्या माणसांना शिकवायला वापरायला लागले, आणि मला तिच्या ओळखीने खात्याच्या भांडारात कारकुनाची जागा मिळाली. माझा संसार त्या जागेवर उभा राहिला. ताई आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायला आली आणि आम्ही सगळे सुखात होतो, हे सरळ कबूल करतो.

सव्वीस वर्षं गेली. खडखडणारी यंत्रं गेली, संगणक आले. तो लांबट खोलीतला विभाग ताईच्या हाताखाली आला. निवृत्तीला पाच महिने होते आणि सहसंचालकाची जागा रिकामी होणार होती. ती मिळाली तर तीन वर्षं मुदतवाढ होती. खात्यात सगळे धरून चालले होते की जागा तिचीच. तिनेही वरच्या खोलीत नव्या पुस्तकांसाठी एक फळी ठोकून घेतली होती, त्यावरून तिच्या मनातलं मला कळलं. ती आशा बोलून दाखवणाऱ्यातली नव्हती.

त्याच सुमारास त्या वस्तीतून नऊशे सह्यांचा अर्ज आला. संध्याकाळचा दवाखाना द्या. फाइल फिरत फिरत ताईच्या टेबलावर आली ती शेरा लिहूनच. हाताखालच्या तरुण अधिकाऱ्याने लिहिलं होतं की या विषयाचा पूर्वी शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे, गरज आढळली नाही, अर्ज निकाली काढावा. सोबत ताईचा अहवाल जोडलेला. तिने फक्त सही करायची होती. पण ती कुठलाही कागद तळातून वर वाचते, ती सवय साबणाच्या कारखान्यातली. तिने जुने फॉर्म भांडारातून मागवले. भांडार माझंच. मीच तो गठ्ठा धूळ झटकून तिच्याकडे पाठवला, आणि त्यात काय आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्या संध्याकाळी ती जेवायला खाली आली ती गठ्ठ्यासकट. फॉर्म ताटाशेजारी ठेवले. समासात ठिकठिकाणी ‘शेजारचं घर’ असं लिहिलेलं होतं. तिने ते मोजले होते, अर्थातच. एकशे बारा.

“ही घरं बंद होती तेव्हा तुम्ही किती वाजता जात होतात?” तिने विचारलं.

“दहा ते पाच,” मी म्हणालो.

“संध्याकाळी कुणीच गेलं नाही?”

“तूच नको म्हणालीस ना. उजव्या हाताचं घर घ्या म्हणालीस.” माझा आवाज चढला होता, कारण प्रश्न कुठे चालला आहे ते मला कळायला लागलं होतं.

 मग तिने मला अगदी हळू आवाजात समजावलं, जणू मीच ते शोधलं होतं आणि तिला पटवत होतो. दिवसा कुलूप कुणाच्या घराला असतं? ज्या घरातली सगळी मोठी माणसं कामावर असतात त्यांच्या. संध्याकाळचा दवाखाना कुणाला हवा असतो? त्यांनाच. आपण ती घरं सोडली आणि शेजारच्या घरात जे दिवसा घरी होते त्यांना विचारलं, की तुम्हाला दिवसा दवाखान्यात जायला जमतं का. ते म्हणाले, जमतं. बाहेरून बघणाऱ्याला चारशे फॉर्म पूर्ण दिसले. खरं तर फोरमनने पुढे केलेली ताटली होती ती. आणि या वेळी फोरमनही तीच.

माझ्या बायकोने तिच्या पानात भात वाढला, तो तसाच राहिला.

मी व्यवहारी माणूस आहे. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू नुसतं लिही की काळ बदलला आहे, आता दवाखान्याची गरज दिसते. अर्ज मंजूर कर. जुन्या गोष्टीचं नाव कशाला? हे विकतचं दुखणं आहे. पाच महिने राहिलेत, जागा तोंडाशी आली आहे. ती म्हणाली, फाइलवर अहवाल आहे. माझं मत एका बाजूला आणि चारशे घरांचा अहवाल दुसऱ्या बाजूला, तर वरचे लोक अहवालाचं ऐकतील, आणि त्यांनी तेच ऐकावं असं मीच त्यांना तीस वर्षं शिकवलं आहे. तो अहवाल चुकीचा आहे असं कुणीतरी म्हटल्याशिवाय त्या लोकांना दवाखाना मिळणार नाही. घोडं इथे पेंड खात होतं. आणि ते म्हणू शकणारं माणूस जगात एकच होतं.

पण नुसतं चुकीचा म्हणून ती थांबणारी नव्हती. किती चुकीचा, ते तिला हवं होतं. पाहणीसाठी खात्याची परवानगी मागितली असती तर निवृत्तीनंतर मिळाली असती. म्हणून एके संध्याकाळी तिने चपला घातल्या आणि मला म्हणाली, चल. मी म्हटलं, माझे गुडघे गेलेत. ती म्हणाली, टाचा तर बऱ्या आहेत ना.

तीन आठवडे आम्ही रोज ऑफिस सुटलं की त्या चढावर जायचो. साडेसहा ते साडेआठ. ती अठ्ठावन्नाला टेकलेली, मी बावन्नचा, हातात एकशे बारा घरांची यादी. दार बंद मिळालं तर परत. तीनदा. काही घरं पाडून तिथे इमारती झाल्या होत्या, काही कुटुंबं निघून गेली होती. जुनीच माणसं राहत असलेली अडुसष्ट घरं मिळाली. संध्याकाळी त्यातल्या बहुतेक दारांना कुलूप नव्हतं. दारं उघडी, आत दिवे, कुणी हातपाय धुतंय, कुणी चूल-शेगडी पेटवतंय. इतकी वर्षं माझ्या मनात त्या घरांचं चित्र म्हणजे नुसती कुलपं होती. आत माणसं आहेत हे बघून मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

तेव्हा दवाखाना हवा होता का, असं ती विचारायची नाही. म्हणायची, सव्वीस वर्षांपूर्वी काय हवं होतं हे आता कुणी खरं सांगू शकत नाही, सगळे हो म्हणतील. ती विचारायची की घरात दिवसा कोण असतं, शेवटचं आजारपण कधी आलं, डॉक्टरकडे कितव्या दिवशी गेलात. साधे प्रश्न. अडुसष्टपैकी एक्कावन्न घरं दिवसा पूर्ण रिकामी असत. आजारपणात डॉक्टरकडे पोचायला त्यांना सरासरी पाच दिवस लागत, कारण कामावरून सुटी मिळाली तर जायचं.

एका घरात एक म्हातारी भेटली. कारखान्यात धागा गुंडाळायचं काम करून निवृत्त झालेली. तिने आम्हाला पाट दिले, पाणी दिलं. ताईने तिला जुनं काहीच विचारलं नव्हतं, तरी तिने आपणहून सांगितलं. मुलगा दोन वर्षांचा असताना त्याचा कान फुटला. रात्रभर रडायचा. नवरा नव्हता, पाळी सुटायला सहा वाजायचे, तोवर दवाखाना बंद. नवव्या दिवशी तिला सुटी मिळाली. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात बाई. तो कान गेला तो गेलाच. मुलगा आता तिच्याच कारखान्यात रंगाच्या हौदावर होता. कधीची गोष्ट, असं ताईने विचारलं. म्हातारीने हिशोब करून वर्ष सांगितलं. आमच्या पाहणीनंतरचा हिवाळा होता तो.

एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, असं ताई मला लहानपणापासून ऐकवत आली आहे. तिने ती हकीकत तक्त्यात घेतली नाही. फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिली. उतारावरून येताना तिने माझा हात धरला. गुडघे माझे दुखत होते, पण हात तिने धरला होता.

खात्याच्या बैठकीत काय झालं ते मला तिथल्या शिपायाने सांगितलं, ताईने नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली की अहवालाचा निष्कर्ष चुकीचा आहे, त्याचं कारण सूचनापत्रकातली सातवी ओळ, आणि ती ओळ मी लिहिली. मग तिने नवे आकडे वाचून दाखवले.  संचालक म्हणाले की मॅडम, एवढ्या वर्षांनी हे उकरायची गरज होती का. तो शेरा लिहिणारा तरुण अधिकारी तिला वाचवायला धडपडत होता. त्याने विचारलं की त्या रोजंदारीच्या लोकांनी कामचुकारपणा केला असेल, त्यांची नावं आहेत का. नावं फॉर्मवर होतीच. माझंही होतं.

“त्यांनी पत्रकात लिहिलं होतं तेच केलं,” ताई म्हणाली. “ते उन्हातान्हात फिरत होते. मी खुर्चीत बसून शेळ्या हाकल्या.”

सहसंचालकाची जागा दुसऱ्या शहरातल्या एका गृहस्थांना मिळाली. दवाखाना मंजूर झाला, आठवड्यातून तीन दिवस, सहा ते नऊ. शिकवण्याच्या कागदांतून तो अहवाल काढून टाकावा असं साहेबांनी सुचवलं, तर ताई हट्टाला पेटली. म्हणाली, राहू द्या. सातवी ओळ अधोरेखित करा आणि मुलांना विचारा, इथे काय चुकलं. वरच्या खोलीतली ती फळी अजून रिकामी आहे. मी तिच्यावर महिनाभर रागावलो होतो. तिचं गेलं म्हणून रागावलो असं मी बायकोला सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. तिने माझं नाव घेतलं नाही, आणि मी भांडारात सुरक्षित बसून राहिलो.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात ती मला म्हणाली, त्या म्हातारीकडे जायचंय, मुलगा घरी असेल अशा वेळी. काय बोलायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. आदल्या दिवशी वरच्या खोलीत ती तीच वाक्यं पुन्हापुन्हा म्हणत होती, जिन्यात ऐकू येत होतं.

मुलगा नुकताच कामावरून आला होता. अठ्ठावीस वर्षांचा, नखांत निळा रंग बसलेला. तो स्टुलावर बसला, ताई भिंतीकडच्या खुर्चीवर, मी दाराशी. ताई एका दमात बोलली. मी आरोग्य खात्यातली, तुमच्या वस्तीची पाहणी केली होती, तुमच्या घराला कुलूप होतं, मी परत यायला हवं होतं, आले नाही, तुमचा दवाखाना माझ्यामुळे झाला नाही, मला माफ करा. बोलताना तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग मान वळवून म्हणाला, “बाई, या बाजूने मला ऐकू येत नाही. इकडे येऊन सांगा.”

ताई उठली. खुर्ची तिला उचलेना, मी ती उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि या वेळी दाराशी परत गेलो नाही, तिथेच खाली बसलो. तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या वेळी सावकाश, एकेक वाक्य. ती कुलपाशी पोचली तेव्हा मी म्हणालो, “दाराशी मी आलो होतो. माझे पाय दुखत होते म्हणून तिने ती ओळ लिहिली.”

त्याने दोघांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हातारी आतल्या दारात उभी होती.

“आमच्या घरात तेव्हा विचारलं असतं तर दवाखाना झाला असता?” त्याने विचारलं.

मी मनात म्हटलं, हो म्हण, किंवा नाही म्हण, काहीतरी एक म्हण. पण तिला खोटं बोलता येत नाही, बरं वाटावं म्हणूनसुद्धा.

“एका घराने नसता झाला,” ती म्हणाली. “त्या सगळ्या घरांत विचारलं असतं तर बहुतेक झाला असता.”

 मुलगा नखांतला रंग काढत होता, तो निघत नव्हता. मग त्याने विचारलं, आता जो सुरू झालाय तो कुठले तीन दिवस असतो. ताईने वार सांगितले. त्याने दुसऱ्यांदा विचारलं, आणि आईला म्हणाला की लिहून ठेव.